जुन्या सोसायटीतला फ्लॅट घेताना: मुंबईतल्या नव्या खरेदीदारासाठी

रीसेलचा फ्लॅट बघायला गेलेली माणसं टाइल्स, किचनचा ओटा आणि खिडकीतून येणारा वारा बघून मत बनवतात. टाइल्स आणि ओटा उद्या बदलता येतो, वाऱ्यासाठी पंखा आहे. इमारतीचे कागद, तिच्याखालची जमीन आणि खांबांमधल्या सळ्या मात्र एकट्या खरेदीदाराला बदलता येत नाहीत. म्हणून इथला क्रम उलटा आहे. आधी जमीन, मग इमारत, मग फ्लॅटचे कागद, मग पैसे आणि टाइल्स सगळ्यात शेवटी.

हे सगळं साधारण १९७० ते २००० या काळात बांधलेल्या आणि नोंदणीकृत सहकारी सोसायटी असलेल्या इमारतींबद्दल आहे. पागडीची खोली हे वेगळं प्रकरण. तिथे तुम्ही मालक नाही तर भाडेकरू होता, घरमालकाची संमती लागते आणि बँका सहसा कर्जाला हात लावत नाहीत. म्हाडाच्या सोडतीतलं किंवा एसआरएचं (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं) घर ठरावीक मुदतीआधी विकता येत नाही. ती मुदत संपल्याचा लेखी पुरावा हातात येईपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका. ‘पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर करून देतो, सगळे असंच करतात’ असं कोणी म्हणालं, की चहा संपवून उठावं.

पायरी १: जमीन कोणाच्या नावावर आहे?

विक्रेत्याच्या जुन्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये जमिनीचा सीटीएस क्रमांक आणि गावाचं नाव असतं (शहर भागात सीटीएसऐवजी सीएस क्रमांक). त्यावरून मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर डिजिटल सहीसह काढता येतं. त्यावर तीन गोष्टी बघा.

पहिली, धारकाचं नाव. तिथे सोसायटीचं नाव असेल तर कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, झालं आहे. बिल्डरचं किंवा मूळ जमीनमालकाचं नाव असेल, तर इमारत सोसायटीच्या ताब्यात असली तरी जमीन अजून दुसऱ्याच्या नावावर आहे. फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरांवरच्या १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे बिल्डरने कन्व्हेयन्स करून देणं बंधनकारक असतं. त्याने टाळलं तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडून डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे मानीव अभिहस्तांतरण, करून घेऊ शकते. ‘आमचं डीम्ड झालंय’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. उपनिबंधकांच्या आदेशानंतर दस्ताचं अभिनिर्णय (मुद्रांक शुल्क ठरवून घेणं), नोंदणी आणि प्रॉपर्टी कार्डावर नोंद हे टप्पे बाकी असतात, आणि अनेक सोसायट्या आदेश फ्रेम करून ऑफिसात लावतात आणि तिथेच थांबतात.

दुसरी गोष्ट म्हणजे सत्ताप्रकार. जमीन मालकी हक्काची आहे, भाडेपट्ट्याची आहे की कलेक्टरची? कलेक्टर लँडवरच्या सोसायटीत विक्रीआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं. आधीच्या मालकांनी ही परवानगी न घेताच व्यवहार केले असतील, तर ती जुनी थकबाकी तुमच्या वेळी वर येते. भाडेपट्टा असेल तर तो किती वर्षांचा, कधी संपतो आणि नूतनीकरणाचं कलम काय आहे, ते वाचा.

तिसरी, भूखंडाचं क्षेत्रफळ. त्याला फ्लॅटच्या संख्येने भागा. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर १६ घरं असतील तर प्रत्येकामागे साडेबासष्ट चौरस मीटर जमीन येते. ४० घरं असतील तर पंचवीसच. दोन्हीकडे फ्लॅट सारख्याच आकाराचे आणि सारख्याच किमतीला मिळत असतील, तर पहिला स्वस्त आहे. पुनर्विकासाचं जवळजवळ सगळं गणित इथून सुरू होतं.

पायरी २: इमारत बघणं

शक्य असेल तर जून ते सप्टेंबरमध्ये घर बघा. ओल लपवायला त्या दिवसांत जागा नसते. नुकताच रंग दिलेलं घर एप्रिलमध्ये दाखवलं, तर कोपरे, खिडकीखालचा भाग आणि बाथरूमच्या मागची भिंत हाताने चाचपून बघा. फ्लॅट बघून झाल्यावर जिन्याने गच्चीवर जा, नंतर खाली उतरून पार्किंगमधले खांब बघा. एजंटला याची घाई नसते, तुम्हाला असावी.

गिलाव्यावरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा बहुतेक वेळा वरवरच्या असतात. काळजी करायची ती खांबाच्या कडेने वरून खाली सरळ गेलेल्या भेगेची, तुळईच्या तळाशी लांबीभर गेलेल्या भेगेची आणि त्यातून उतरलेल्या तांबूस डागाची. या भेगा आतल्या सळीला समांतर असतात, कारण सळी गंजली आहे. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते, त्यामुळे तो वरचं काँक्रीट आतून फोडतो. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत हे लवकर सुरू होतं. नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर वरचं काँक्रीट आतून सुटलेलं आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा तळ खालून बघायला विसरू नका, सळ्या उघड्या पडायची ती ठरलेली जागा.

मग सोसायटीकडून स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब खाली स्थैर्य प्रमाणपत्रही लागतं. रिपोर्टमध्ये शेवटी एक वर्ग दिलेला असतो. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच संरचनात्मक दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ. सी-२बी बघून पळून जायचं कारण नाही. मुंबईतल्या चाळीस वर्षांच्या कित्येक इमारती त्याच वर्गात आहेत. मात्र दुरुस्ती झाली की बाकी आहे, आणि प्रत्येक घरामागे वर्गणी किती ठरली, हे लेखी हवं. दोन-तीन लाखांची वर्गणी व्यवहाराच्या पुढच्या महिन्यात येऊन पडते, आणि ती कोणी द्यायची यावर अ‍ॅग्रीमेंट गप्प असतं.

एकाच इमारतीचे दोन परस्परविरोधी रिपोर्ट असतील, एक सी-१ आणि एक सी-२, तर सभासदांत पुनर्विकासावरून भांडण आहे असं धरून चाला. असे वाद महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातात. तिचा निर्णय येईपर्यंत थांबलेलं बरं.

इमारतीला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आहे का ते विचारा. नसेल तर पाणीपट्टी चढ्या दराने भरावी लागते आणि काही बँका कर्ज नाकारतात. विक्रेत्यामार्फत मागच्या दोन वार्षिक सभांची इतिवृत्तं आणि ऑडिट झालेले हिशेबही मागवा. सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी) दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का गोळा व्हायला हवा. तीस वर्षांच्या सोसायटीत त्यात चार-पाच लाखच शिल्लक असतील, तर पुढची प्रत्येक मोठी दुरुस्ती थेट तुमच्या खिशातून होणार. इतिवृत्तं रटाळ असतात, तरी वाचा. कोर्टकचेरी, लिफ्टचा वाद, थकबाकीदार, सगळं तिथे सापडतं.

पार्किंगबद्दल एवढंच लक्षात ठेवा: स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) किंवा उघड्यावरची जागा बिल्डर स्वतंत्रपणे विकू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. अशी जागा सोसायटी वाटते. विक्रेता ‘पार्किंगसकट’ म्हणत असेल तर सोसायटीचं वाटपपत्र बघा आणि ते नव्या सभासदाकडे आपोआप येतं का, ते सेक्रेटरींना विचारा.

पायरी ३: ‘रिडेव्हलपमेंटला जाणार आहे’

हे वाक्य ऐकून किंमत वाढवून मागितली जाते. ते किती खरं आहे, ते टप्प्यावरून ठरतं. नुसती चर्चा, सल्लागाराची नेमणूक, निविदा, विकासकाची निवड, नोंदणीकृत डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट, महापालिकेची आयओडी (अटींसह प्राथमिक मंजुरी) आणि मग सीसी (बांधकाम सुरू करण्याची परवानगी), असे ते टप्पे आहेत. पहिल्या तीन टप्प्यांना जादा पैसे देऊ नका. सोसायट्या तिथे दहा-दहा वर्षं अडकतात. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालचे निर्देश (४ जुलै २०१९) विशेष सभेला दोन तृतीयांश सभासदांची उपस्थिती आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती मागतात. इतिवृत्तात हे आकडे दिसले पाहिजेत.

प्लॉटला मर्यादाही असतात. विमानतळाच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या ये-जा करण्याच्या मार्गाखाली (विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपरचा काही भाग) उंचीवर बंधन असतं, त्यामुळे एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण) कागदावर मिळतो पण चढवायला आकाश नसतं. समोरचा रस्ता अरुंद असेल तर टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला बांधकाम हक्क) वापरता येत नाही. समुद्राजवळ सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध) आणि लष्करी आस्थापनांच्या शेजारी त्यांची परवानगी आडवी येते. या भागातल्या फ्लॅटची किंमत ‘उद्या मोठं घर मिळेल’ या हिशेबाने ठरवणं चूक आहे.

डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट झाल्यानंतर फ्लॅट घेत असाल, तर भाडं, कॉर्पस (विकासक देतो ती एकरकमी रक्कम), शिफ्टिंगचे पैसे आणि वाढीव क्षेत्रफळ यांतलं काय विक्रेत्याने आधीच घेतलं आणि काय तुमच्याकडे येणार, हे एकेक करून अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. विकासकाची संमती लागते. इमारत पाडून झाली असेल तर बँक शोधणं अवघड जातं. विकासकाने सोसायटीला बँक गॅरंटी दिली आहे का आणि तिची मुदत कधी संपते, हाही प्रश्न विचारा.

पायरी ४: फ्लॅटचे कागद

इथे लागते ती ‘चेन’. बिल्डरने पहिल्या खरेदीदाराला दिलेल्या अ‍ॅग्रीमेंटपासून आजच्या विक्रेत्यापर्यंतची प्रत्येक कडी, तिच्या नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाने दिलेला दस्ताचा गोषवारा). शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला प्रत्येक हस्तांतरणाची नोंद असते. तिथली नावं आणि चेनमधली नावं जुळली पाहिजेत. १० डिसेंबर १९८५ नंतरच्या अ‍ॅग्रीमेंटवर पूर्ण मुद्रांक शुल्क भरलेलं असायला हवं. नसेल तर तूट आणि दरमहा २ टक्के दंड विक्रेत्याने व्यवहाराआधी भरावा.

सगळ्यात जास्त व्यवहार अडतात ते वारसांवर. वडील गेले, नॉमिनेशन थोरल्या मुलाच्या नावाने होतं, सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव चढवलं आणि आता तो विकायला निघाला आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आई, भावंडं, लग्न झालेल्या बहिणी यांचा हिस्सा कायम असतो. त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र केलेलं असावं किंवा तुमच्या अ‍ॅग्रीमेंटवर संमती देणारे म्हणून सह्या कराव्यात. ‘ताई कधी काही बोलणार नाही’ हा पुरावा होत नाही.

एखादं मूळ अ‍ॅग्रीमेंट हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात नोटीस, निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत आणि विक्रेत्याचं हमीपत्र, एवढं सगळं लागतं. हरवलेला कागद दुसऱ्या बँकेत तारण पडलेला असू शकतो, ही भीती त्यामागे आहे. म्हणून केंद्रीय तारण नोंदणी असलेल्या सेरसाईवरही शोध घ्या. आपला वकील (एजंटने सुचवलेला नको) तीस वर्षांचा सर्च (नोंदणी कार्यालयातल्या जुन्या नोंदींचा शोध) घेईल आणि एका मराठी व एका इंग्रजी पेपरात जाहीर सूचना देईल. या सूचनेची १४ किंवा १५ दिवसांची मुदत संपेपर्यंत मोठी रक्कम देऊ नका.

क्षेत्रफळ टेपने मोजा. किंमत कार्पेटवर (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर) ठरवा, ‘सुपर बिल्ट-अप’ या आकड्याला कायद्यात काही अर्थ नाही. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. बाल्कनी आत घेऊन खोली मोठी केली असेल तर मंजूर नकाशात ती बाल्कनीच असते, आणि बँकेचा माणूस ती तशीच मोजतो.

पायरी ५: पैशांचा हिशेब

समजा, एक बीएचके एक कोटी वीस लाखांना ठरला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ७५ लाखांवरच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देते, म्हणजे ९० लाख. उरलेले ३० लाख तुमचे. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के, म्हणजे ७ लाख २० हजार. खरेदीदार फक्त महिला असेल तर ५ टक्के. नवरा-बायको दोघांच्या नावाने घेतलं तर ही सवलत मिळत नाही. नोंदणी फी ३० हजार, कितीही महाग घर असलं तरी त्यावर जात नाही. एजंटची एक टक्का दलाली १ लाख २० हजार, तो जीएसटी लावत असेल तर आणखी २१,६००. गहाणखताच्या नोंदीवर कर्जाच्या सुमारे ०.३ टक्के, म्हणजे २७ हजार. सोसायटीचे २५,६०० (तपशील पायरी ७ मध्ये). बेरीज ३९ लाख ४४ हजारांच्या वर जाते, आणि यात वकील, बँकेची प्रोसेसिंग फी आणि घराची दुरुस्ती धरलेली नाही. ‘तीस लाख जमवले की झालं’ असं समजून टोकन देणारे इथेच अडकतात.

रीसेल फ्लॅटवर जीएसटी नसतो. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकाची) किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. कराराची किंमत रेकनरपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर फरकाची रक्कम खरेदीदाराच्या उत्पन्नात धरून त्यावर आयकर लागू शकतो. विक्रेत्याच्याही करात तो फरक धरला जातो. रोखीत वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम घेण्या-देण्याला कायद्याने बंदी आहे. ‘थोडं ब्लॅक’ मागणाऱ्याला हेही सांगा की त्या पैशांवर बँक कर्ज देत नाही, म्हणजे तेवढा भार पूर्ण तुमच्या बचतीवर येतो.

किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या आयकरापोटी आधीच कापलेली रक्कम) खरेदीदाराने कापून भरायचा असतो. हा जादा खर्च नव्हे, विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून कापायचा. आजवर २६क्यूबी या नावाने ओळखला जाणारा फॉर्म, ज्या महिन्यात पैसे दिले तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत ऑनलाइन भरायचा. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. दोन खरेदीदार आणि दोन विक्रेते असतील तर प्रत्येक जोडीचा वेगळा, म्हणजे चार फॉर्म होतात. विक्रेत्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का ते आधी तपासा, नसेल तर एका टक्क्याऐवजी वीस टक्के कापण्याची वेळ येते. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर दर आणि पद्धत दोन्ही वेगळी असतात, तेव्हा सीए गाठल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

पायरी ६: टोकन ते नोंदणी

टोकन चेकने किंवा खात्यातून द्या आणि पावतीवर किंमत, कार्पेट क्षेत्र आणि मुदत लिहून घ्या. कागदांत दोष निघाला किंवा बँकेने इमारतीमुळे कर्ज नाकारलं तर टोकन परत मिळेल, ही ओळही हवी. ‘इमारतीमुळे’ हा शब्द महत्त्वाचा. तुमच्या पगारामुळे कर्ज नाकारलं गेलं, तर विक्रेत्याने का सोसावं?

विक्रेत्याचं जुनं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेकडून दोन पत्रं घ्या, थकीत रकमेचं आणि बँकेकडे ठेवलेल्या मूळ कागदांच्या यादीचं. तुमची रक्कम किंवा तुमच्या बँकेचा पहिला चेक थेट त्याच्या कर्जखात्यावर काढायचा, विक्रेत्याच्या बचतखात्यावर नव्हे.

मुंबईत साधारण आधी ‘अ‍ॅग्रीमेंट फॉर सेल’ पूर्ण मुद्रांक भरून नोंदवतात. त्यावर बँक कर्ज सोडते आणि शेवटचे पैसे देताना नाममात्र शुल्कावर सेल डीड होतं. शुल्क ग्रास पोर्टलवर भरायचं, दस्ताची माहिती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधी भरायची आणि दिवस ठरवून दुय्यम निबंधक कार्यालयात जायचं. सगळे पक्ष, दोन साक्षीदार, सगळ्यांचे पॅन आणि आधार. सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी हवी. बाहेर पडण्याआधी इंडेक्स टूमध्ये नावाचं स्पेलिंग, फ्लॅट क्रमांक आणि क्षेत्रफळ वाचा. नंतरची दुरुस्ती म्हणजे वेगळं दुरुस्तीपत्र आणि पुन्हा सगळ्या पक्षांना गोळा करणं.

पायरी ७: सोसायटी

उपविधींप्रमाणे विक्रीसाठी सोसायटीची ना-हरकत सक्तीची नाही, पण बँक ती मागतेच, आणि तीही स्वतःच्या नमुन्यात. म्हणून सेक्रेटरींशी बोलणं सुरुवातीलाच सुरू करा. विक्रेत्याचा ना-देय दाखला घ्या. हस्तांतरण प्रीमियम मुंबईत जास्तीत जास्त २५ हजार, हस्तांतरण फी ५०० आणि प्रवेश फी १०० रुपये. त्याच्यावर ‘ऐच्छिक देणगी’ मागितली तर पावती आणि सर्वसाधारण सभेचा ठराव मागा, आवाज न चढवता. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय देणं सोसायटीला बंधनकारक आहे.

वीजबिलावर नाव बदलायला इंडेक्स टू आणि शेवटचं भरलेलं बिल लागतं. शहर भागात बेस्ट, उपनगरांत अदाणी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपला महावितरण. गॅसची पाइपलाइन महानगर गॅसची. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, पण सोसायटीच्या बिलात ती माफी खरंच उतरली आहे का, ते तपासा.

पायरी ८: आता टाइल्स

काम सुरू करण्याआधी सोसायटीला लेखी कळवा, कामाच्या वेळा आणि अनामत विचारा. खांब, तुळई आणि स्लॅबला हात लावायचा नाही, वायरसाठी तुळईत खाच पाडणंही नको. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई इमारत कोसळून १७ जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लागल्याचा आरोप झाला. ‘एवढासा पिलर काढला तर हॉल मोठा होईल’ म्हणणारा कंत्राटदार तिथल्या तिथे बदला.

जुन्या टाइल्सवर नव्या टाइल्स चढवू नका. पंचवीस मिलिमीटर मसाला आणि वर टाइल मिळून चौरस मीटरला साधारण सत्तर किलो होतात. चारशे चौरस फुटांच्या घरात अडीच टनांवर वजन. मागच्या मालकानेही एक थर चढवला असेल तर थकलेल्या स्लॅबवर ते दुप्पट होतं. जुनं उखडा आणि मलबा गोणीत भरून न्या. तो नाल्यात किंवा फुटपाथवर टाकला तर दंड होतो. महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा त्यासाठीच आहे.

बाथरूमवर घाई करू नका, कारण तुमच्या बाथरूमची गळती खालच्यांच्या छतातून उतरली तर खर्च तुमचा. (गच्चीची आणि बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीची.) क्रम असा: टाइल्स आणि जुना कोबा स्लॅबपर्यंत काढा. जुने लोखंडी पाइप बदला, पाणी आणणारे सीपीव्हीसी, नेणारे यूपीव्हीसी. नहाणी ट्रॅप नवा बसवा आणि त्याच्या भोवतीची फट नॉन-श्रिंक ग्राउटने भरा. निम्मी गळती या फटीतून होते, फरशीतून नव्हे. भिंत आणि स्लॅब मिळतात तिथे मसाल्याची गोल कड करा. मग पॉलिमरयुक्त सिमेंटचे दोन थर, एक आडवा आणि तो सुकल्यावर दुसरा उभा, भिंतीवर किमान एक फूट आणि शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत. ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी साठवा आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना रोज छत बघायला सांगा. डाग दिसला नाही तरच कोबा घाला. उतार ट्रॅपकडे, मीटरला दहा ते बारा मिलिमीटर. टाइल्सच्या सांध्यांना साध्या सिमेंटऐवजी इपॉक्सी. कंत्राटदार पाण्याची चाचणी चोवीस तासांत उरकायला बघतो. त्याचं बिल चाचणीनंतर द्यायचं, असं आधीच ठरवून ठेवा.

वायरिंग जुनं अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर पूर्ण बदला. दिव्यांना १.५, साध्या सॉकेटना २.५, एसी आणि गीझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, पण त्याआधी अर्थिंग खरंच आहे का ते तपासून घ्या. जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनची वायर कित्येकदा भिंतीतच संपलेली असते. दोन एसी लावणार असाल तर मंजूर भार वाढवून घ्या.

छताचा गिलावा पडून सळी दिसत असेल तर त्यावर पीओपीचं फॉल्स सीलिंग लावून मोकळं होऊ नका. सळी मागच्या बाजूनेही मोकळी होईपर्यंत काँक्रीट फोडायचं, तारेच्या ब्रशने गंज काढायचा, गंजरोधक लेप द्यायचा. मग बाँडिंग कोट आणि पॉलिमर मसाला दहा-पंधरा मिलिमीटरच्या थरांत. सळी पाव भागाहून जास्त झिजली असेल तर हे गवंड्याचं काम राहत नाही. सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला वर बोलवा, कारण स्लॅब तुमच्या एकट्याचा नाही आणि त्याचा खर्चही सोसायटीशी बोलूनच ठरतो. रंग सगळ्यात शेवटी, आणि पावसाळ्यात भिजलेली भिंत नोव्हेंबरपर्यंत तशीच सोडून. ओल्या भिंतीवर महागडा रंग दिला तरी मार्चमध्ये पोपडे निघतात, आणि रंगाची कंपनी त्याला वॉरंटी देत नाही.